मोठं होमर नव्या लॉफ्टवर रुळवताना या चुका टाळा

परभणीत माझ्या गच्चीवरच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे कबुतरांच्या घरात, होमर आहेत, लांबून सोडलं तरी घरी परतणारी शर्यतीची कबुतरं. त्याला आता बावीस वर्षं होतील. या काळात मला सर्वांत जास्त फोन एकाच गोष्टीसाठी आले. "काका, नवीन घेतलेलं कबुतर आज सोडलं आणि गेलं. आता?" मी विचारतो, किती दिवस कोंडलं होतं? कुणी पंधरा म्हणतं, कुणी वीस. जिंतूरच्या एका पोराने तर चौथ्याच दिवशी दार उघडलं होतं. पक्षी तीन वर्षांचा, शर्यतीत उडालेला, आणि याने घरी आणून चार दिवस दाणे टाकले. त्या पोराचा मला राग आला नाही. ज्याने त्याला "आठवडाभर ठेव, बसतंय मग" असं सांगून पक्षी विकला, त्याचा आला.

म्हणून माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका लिहितो. हे सगळं मोठ्या, उडालेल्या पक्ष्याबद्दल आहे. पिल्लाचा हिशोब वेगळा आहे, तो शेवटी सांगतो.

दिवस मोजत बसणं

पंधरा दिवसांचा हिशोब आला कुठून, ते मला माहीत आहे. महिन्याभराचं, नुकतंच स्वतः दाणे टिपायला लागलेलं पिल्लू आणलं, तर ते आठ-पंधरा दिवसांत खरंच रुळतं. त्याने अजून आकाशच पाहिलेलं नसतं. पहिल्यांदा ज्या गच्चीवरून ते उडतं, ती त्याची गच्ची होते. मोठ्या पक्ष्याचं तसं नसतं. त्याचं घर ठरून गेलेलं असतं, आणि कोंडलेल्या दिवसांनी ते पुसलं जात नाही. तुम्ही साठ दिवस ठेवा, नव्वद ठेवा, तो वाट पाहत असतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत हैदराबादच्या एका चाचांकडून चार वर्षांचा चेकर, म्हणजे पंखांवर चौकटीची नक्षी असलेला, नर आणला होता. छाती भरलेली, डोळा तांबडा, लांबच्या शर्यतीतून परतलेला. वेताच्या टोपलीत घालून रात्रीच्या गाडीने आणला आणि सत्तर दिवस ठेवला. तिसऱ्या आठवड्यात तो माझ्या हातावरची करडई खायला लागला. हातावर खातोय म्हणजे माझा झाला, असं मी धरून चाललो. डिसेंबरची स्वच्छ सकाळ होती. सात वाजता सोडला. आधी पाण्याच्या टाकीवर बसला, मान वाकडी करून वर पाहिलं, मग उडाला. दोन फेऱ्या लॉफ्टभोवती मारल्या. तिसरी फेरी मोठी झाली, आणि तिच्यातूनच तो आग्नेयेला वळला. ठिपका दिसेनासा होईपर्यंत मी दाण्यांचा डबा वाजवत उभा होतो.

सव्वाबाराला चाचांचा फोन. "आपका चेकर आ गया. छत पे बैठा है, पानी पी रहा है."

परभणी ते हैदराबाद सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. चांगला होमर ताशी पन्नास-साठ किलोमीटरने सहज उडतो, त्यामुळे हिशोब साधारण जुळतो. म्हणजे तो कुठे शोधत, भटकत बसला नाही. सत्तर दिवसांनंतरही सरळ घरी गेला. चाचांनी एक पैसा न घेता पक्षी परत दिला आणि एवढंच विचारलं, "उसका वहाँ था कौन?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दाणे होते, पाणी होतं, छप्पर होतं. त्याचं असं तिथे कुणीच नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी दिवस मोजले नाहीत. माझ्याच लॉफ्टमध्ये जन्मलेली, इथलीच उडालेली राखाडी मादी त्याला जोडीला दिली. जानेवारीचा पहिला आठवडा होता. जोडी जमली की आठ-दहा दिवसांत अंडी येतात, दोन. सतरा-अठरा दिवसांनी ती फुटतात. नर-मादी दोघंही पिल्लांना स्वतःच्या गळ्यातलं दूध भरवतात, आणि त्या दिवसांत नर घरट्याच्या खणापासून हलायला तयार नसतो. पिल्लं दहा दिवसांची झाली तेव्हा फेब्रुवारीचा मध्य आला होता, आमच्याकडचा तुराबुल हक दर्ग्याचा उरूस आटोपत आला होता. मादीला खणात बंद केलं आणि सूर्य बुडायला तासभर असताना नराला सोडलं. तो उडाला, दोन फेऱ्या मारल्या आणि छपरावर उतरला. पाचव्या मिनिटाला सळ्यांच्या दारातून, म्हणजे ढकलून फक्त आत जाता येणाऱ्या दारातून, आत जाऊन पिल्लांना भरवत होता.

वेळही नीट निवडावी लागते. अंड्यांवर आणि लहान पिल्लांवर नर साधारण सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत बसतो, बाकी वेळ मादी बसते. संध्याकाळी नर मोकळा असतो आणि मादी घरट्यात असते. शिवाय अंधारात उडायला होमर नाखूश असतो, त्यामुळे लांब जायला त्याच्याकडे वेळ उरत नाही. सकाळी सोडलं तर अख्खा दिवस त्याच्या हातात असतो.

मादी रुळवायची असेल तर याच्याच उलट करा. इथला नर द्या, तिची पिल्लं होऊ द्या, नर आत ठेवा आणि तिला सोडा. पण दोघंही बाहेरून आणलेले असतील, तर त्यांना एकत्र कधीही सोडू नका. जोडी जोडीनेच जाते.

पिसं कापणं, उपटणं, बांधणं

या चुकीबद्दल मी जरा जास्तच लिहिणार, कारण यात पक्ष्याला त्रास होतो.

पिसं कापली की पक्षी जात नाही, म्हणून माणसाला वाटतं रुळला. कापलेलं पीस पुढच्या पिसगळीपर्यंत तसंच राहतं. पंखाची दहा मोठी पिसं एकेक करून गळतात आणि येतात, त्याला महिने जातात. तितके दिवस तो पक्षी गच्चीवर चालत असतो, आणि खालच्या भिंतीवर मांजर बसलेली असते. सेलूच्या एका मित्राचे कापलेल्या पंखांचे तीन होमर एका रात्रीत मांजरीने नेले. दार बंद होतं, पण एक पक्षी बाहेरच राहिला होता. त्याच्या मागे जाऊन तिने फट शोधली.

काही जण उपटतात, म्हणजे लवकर येतील. सहा-आठ आठवड्यांत येतातही. पण वाढणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ती दुखावली तर रक्त थांबत नाही आणि पुढचं पीस वाकडं येतं. शर्यतीच्या पक्ष्याचा पंख हेच त्याचं सर्वस्व आहे. तोच बिघडवून पक्षी आपला करायचा, हे मला कधीच पटलं नाही.

दोऱ्याने बांधणं त्यातल्या त्यात बरं, आणि जुने कबुतरवाले ते करत आले आहेत. पण ते दोन-तीन दिवस एक पंख, मग सोडून दुसरा, असं करायचे, आणि पक्षी समोर असायचा. आता पोरं बांधतात आणि महिनाभर विसरून जातात. सांधा आखडतो. मी स्वतः बांधत नाही. माझ्याकडे त्याची गरज पडत नाही, कारण मला घाई नसते.

आणि नवी पिसं आल्यावर काय? ज्या दिवशी पंख भरतो, त्या दिवशी पक्षी गेला. पंख कापला म्हणून डोक्यातलं घर कापलं जात नाही.

ढगाळ दिवस आणि काळी पिशवी

काळ्या पिशवीत, रात्री, झाकून आणलं म्हणजे पक्ष्याला वाट कळत नाही. ढगाळ दिवशी सोडलं म्हणजे सूर्य दिसत नाही, मग दिशा सापडत नाही. हे दोन उपाय मी इतक्या लोकांकडून ऐकले आहेत की मोजणं सोडलं.

कबुतर सूर्याचा आधार घेतं हे खरं. पण तेवढाच आधार त्याच्याकडे नाही. १९७१ साली अमेरिकेत विल्यम कीटन यांनी कबुतरांच्या अंगावर छोटी चुंबकं लावून त्यांना लांब नेऊन सोडलं. स्वच्छ उन्हात ती नीट गेली, ढगाळ दिवशी भरकटली. चुंबक नसलेली मात्र ढगातही बरोबर निघाली. म्हणजे सूर्य झाकला गेला की ती पृथ्वीच्या चुंबकत्वावर चालतात. त्याशिवाय वास आहे, ओळखीचे रस्ते आणि खुणा आहेत. तुमच्या काळ्या पिशवीने यातलं काहीच अडत नाही, उलट मे महिन्यात त्या पिशवीत पक्षी गुदमरतो. मोकळ्या विणीची टोपली वापरा आणि वाटेत पाणी द्या.

बाहेर न बघू देणं

सहा महिने पत्र्याच्या बंद दडब्यात ठेवायचं आणि एके दिवशी दार उघडायचं. त्या पक्ष्याने तुमचं छप्पर बाहेरून कधी पाहिलेलंच नसतं. परत यायचं मनात असलं, तरी त्याने उतरायचं कुठे?

दारासमोर, छपराच्या उंचीला जाळीचा पिंजरा हवा. मी तीन फूट लांब-रुंद केला आहे. नवा पक्षी रोज सकाळ-संध्याकाळ त्यात बसतो. शेजारचं माळवद, पाण्याची टाकी, चिंच, माझे पक्षी कुठून येतात, कुठे बसतात, हे सगळं बघतो. दाणे मात्र आतच मिळतात, सळ्यांचं दार ढकलून. ते दार त्याला डोळे झाकून उमगलं पाहिजे. डब्याचा आवाज झाला की तो आत धावतो, असं रोज झालं तरच पुढचं बोला.

उपाशी मारणं

भूक हवी, उपासमार नको. होमर दिवसाला तीस-पस्तीस ग्रॅम खातो. सोडायच्या आदल्या दिवशी मी अर्धं देतो, सोडायच्या दिवशी सकाळी काहीच नाही, आणि पाणी कायम. पिल्लं भरवणारा असेल तर एवढंही कमी करत नाही, पिल्लंच त्याची ओढ असतात. तीन दिवस उपाशी ठेवलेला पक्षी गेला तर वाटेतच पडतो, आणि राहिला तरी शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्यापुढे त्याचा पंख चालत नाही.

चुकीचा महिना

मकर संक्रांतीच्या आधी-नंतर पंधरा दिवस नवा पक्षी सोडू नका. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो तारांवर, झाडांवर लटकलेला असतोच. ज्याला इथल्या आकाशाची ओळख नाही तो आधी कापला जातो. हिवाळ्यात बहिरी ससाणाही असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी तर नाहीच नाही. पावसाळ्यानंतर पिसगळीत अर्धा पंख रिकामा असतो. माझा महिना फेब्रुवारी. वर सांगितलेला जानेवारीतल्या जोडीचा हिशोब त्यासाठीच.

थवा उडत असताना सोडणं

तुमचा थवा वर गेला की नवा त्याच्यामागे जातो, उंची मिळाली की त्याला त्याची दिशा मिळते. थवा उडून, खाऊन, छपरावर आळसावलेला असताना नवा एकटा बाहेर काढा.

आल्या आल्या सगळ्यांत मिसळणं

तीन आठवडे वेगळा दडबा, वेगळं पाण्याचं भांडं. कोंबड्यांच्या मानमोडीच्याच (राणीखेत रोगाच्या) कुळातला विषाणू आणि घशातला पिवळा चिकटा, दोन्ही असेच येतात. दुसरं काही सांगायची गरज नाही.

रुळला म्हणून जुन्या घराच्या दिशेने नेणं

ही चूक मी केली आहे. चेकर दोन वर्षं रोज उडत होता. मानवत, सेलू, जालना, सगळीकडून परत आला. मला वाटलं, आता हा परभणीचाच. एकदा थव्यासोबत त्याला नांदेडला नेऊन सोडलं. बाकीचे पाऊण-एक तासात आले. तो आला नाही. दुपारी चाचांचा फोन आला.

नांदेड परभणीच्या पूर्वेला, हैदराबादच्या बाजूला. तिथून त्याच्यासमोर दोन घरं होती, आणि त्या वेळी त्याची पिल्लं नव्हती, मादी अंड्यांवर नव्हती. ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून संदेशासाठी कबुतरं पाळली. त्यांच्याकडे जाऊन-येऊन करणारी कबुतरंही होती, एका जागी मुक्काम आणि दुसऱ्या जागी दाणे. म्हणजे एका पक्ष्याच्या डोक्यात दोन जागा राहू शकतात. नवी जागा आली म्हणून जुनी जात नाही. जालन्याहून सोडला तर परभणी हैदराबादच्या वाटेतच, फार बाजूला न पडता लागते, म्हणून तो उतरत होता. नांदेडहून ती पाठीमागे पडली.

म्हणून आता मोठा पक्षी मी उडवण्यासाठी घेतच नाही. चांगल्या रक्ताचा मोठा नर घ्यावा, त्याला मोठी जाळी, ऊन, अंघोळीची परात द्यावी, आणि त्याची पिल्लं काढावीत. जो मला मोठा पक्षी रुळवून मागतो, त्याला मी एकच विचारतो, सहा महिने थांबशील का? थांबणारे कमी भेटले.

पिल्लांचं असं: पाचव्या ते आठव्या दिवसाच्या मध्ये पायात कडं, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास आई-बापापासून वेगळं, आणि दुसऱ्याच दिवसापासून छपरावरच्या पिंजऱ्यात. आठवडाभराने संध्याकाळी, भुकेच्या वेळी पिंजऱ्याचं वरचं झाकण काढायचं आणि लांब बसायचं. हाकलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. ती स्वतः छपरावर येतात, घाबरतात, पंख फडफडवतात, परत आत जातात. डबा वाजवायचा.

चेकर चाचांनी पुन्हा पाठवून दिला. तो आता म्हातारा झाला आहे, पुढच्या जाळीत असतो. संध्याकाळी त्याची नातवंडं उडतात, तेव्हा तो आग्नेयेच्या कोपऱ्यातल्या फळीवर जाऊन बसतो. ती फळी मी कधी हलवली नाही.