शाळेच्या लॅबसाठी स्क्रीन मॉनिटरिंग सॉफ्टवेअर घेताय? आधी हे बघा

लॅबमधे २० पीसी, वर्गात ४५ पोरं आणि तास ३५ मिनिटांचा. त्यातली पहिली सात-आठ मिनिटं "सर माझं चालूच होत नाहीये" यात जातात, मग तुम्ही पुढच्या रांगेत वाकून कुणाला तरी फाईल सेव्ह करायला शिकवताय तोवर मागच्या रांगेत गेम सुरू झालेला असतो. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे माहितीये. म्हणून मग सगळ्यांचे स्क्रीन एका जागी दिसतील, लागले तर लॉक करता येतील असं सॉफ्टवेअर शोधायला लागतो आपण. मी आमच्या शाळेची लॅब सांभाळतो, या प्रकारातली बरीच सॉफ्टवेअर टाकून बघितलीत, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि तासाला तुमचा वेळ नेमका कशात जातो ते आठवडाभर लिहून काढा. मला वाटायचं माझा त्रास म्हणजे गेम खेळणारी पोरं. लिहिल्यावर कळलं की खरा वेळ जातोय तो एकच गोष्ट वीस जागी जाऊन दाखवण्यात, कारण आमचा प्रोजेक्टर अंधुक झालाय आणि मागच्यांना मेनूतली अक्षरं दिसतच नाहीत. म्हणजे मला पहारा ठेवण्यापेक्षा माझा स्क्रीन सगळ्यांच्या मॉनिटरवर दाखवणं जास्त गरजेचं होतं. याला डेमो मोड म्हणतात, आणि आजही मी सगळ्यात जास्त तेच वापरतो, लॉकचं बटण त्या मानाने फारच कमी. व्हेंडर तुम्हाला चाळीस फीचर दाखवेल, तुम्हाला त्यातली चार लागणारेत. ती चार कोणती हे तुमच्या कागदावरून ठरवा, त्याच्या ब्रोशरवरून नको.

आता तुमच्याकडे मशीन कोणती आहेत यावर अर्धी निवड तिथेच होते. विंडोज किंवा लिनक्सचे साधे पीसी असतील तर व्हेयॉन नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पूर्वी ते आयटाल्क नावाने यायचं, २०१७ मधे नाव बदललं. पूर्ण लॅब उबुंटू किंवा डेबियनवर असेल तर एपॉप्टिस पण बघा, ते त्यांच्या सॉफ्टवेअर भांडारातूनच थेट टाकता येतं. आयपॅड असतील तर ॲपलचं स्वतःचं क्लासरूम ॲप आहे, तेही फुकट. क्रोमबुक असतील तर गोष्टच वेगळी, तिथे व्हेयॉन चालत नाही, गुगलच्या ॲडमिन कन्सोलशी जोडलेलं काहीतरी घ्यावं लागतं. आणि एका सीपीयूवर पाच-सहा मॉनिटर जोडलेले थिन क्लायंट असतील (अशा लॅब आपल्याकडे पुष्कळ आहेत) तर कुठलंही सॉफ्टवेअर घेताना एकच प्रश्न विचारा, प्रत्येक पोराचा स्क्रीन वेगळा दिसेल का. नुसतं "हो हो चालतं" ऐकून पैसे देऊ नका, तुमच्याच लॅबमधे चालवून दाखवायला लावा.

पैसे देऊन घ्यायचं तर नेटसपोर्ट स्कूल, फॅरोनिक्स इनसाइट, लॅनस्कूल ही जुनी नावं आहेत. त्यांच्यात मुलांची चाचणी परीक्षा घेण्याची सोय, वेबसाईट बंद करणं वगैरे गोष्टी चांगल्या असतात. पण लायसन्स एकदाच घ्यायचंय का दरवर्षी, किती पीसींचं आहे, कोटेशनमधे १८ टक्के जीएसटी धरलाय का, पीसी बदलला तर लायसन्स नव्या पीसीवर नेता येतं का, हे सगळं लेखी घ्या. एका शाळेत व्हेंडरने ट्रायल व्हर्जनच टाकून दिलेलं आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यातच त्याची मुदत संपली, तिथल्या मॅडमची जी धावपळ झाली ती मी बघितलीये. आणि इंटरनेटवरून चालणारं घेताय का लॅनवरून (म्हणजे लॅबच्या आतल्याच नेटवर्कवरून), हे नक्की विचारा. आपल्याकडे नेट कधी जाईल सांगता येत नाही, लॅनवर चालणाऱ्याला त्याचा काही फरक पडत नाही.

माझं मत विचाराल तर आधी व्हेयॉन टाकून बघा, तेही तीनच पीसींवर. एक तुमचा, दोन मुलांचे. तुमच्या पीसीवर मास्टर (सगळे स्क्रीन दाखवणारा भाग) टाकायचा, मुलांच्या पीसीवर मास्टर सोडून फक्त सर्व्हिस (मागे चालत राहून स्क्रीन पाठवणारा भाग), इन्स्टॉल करताना मास्टरची टिक काढून टाका. मग कॉन्फिगरेटर (व्हेयॉनची सेटिंगची खिडकी) उघडून चाव्यांची, म्हणजे शिक्षकाचा पीसी ओळखायच्या फाईलींची जोडी बनवायची, एक खाजगी, एक सार्वजनिक. खाजगी चावी फक्त शिक्षकाच्या पीसीवर राहते, सार्वजनिक मुलांच्या पीसीवर इम्पोर्ट करायची. खाजगी चावी चुकूनसुद्धा मुलांच्या पीसीवर जाऊ देऊ नका, नाहीतर कुठलाही पोरगा मास्टर टाकून सगळ्या लॅबवर नजर ठेवू शकतो. शेवटी लोकेशनमधे खोलीचं नाव आणि प्रत्येक पीसीचं नाव किंवा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) भरायचा, झालं.

आणि मग बहुतेक जण इथे अडकतात, मास्टरमधे सगळे चौकोन रिकामे दिसतात. सॉफ्टवेअर खराब आहे असं समजून सोडून देऊ नका, बहुतेक वेळा नेटवर्कची गोष्ट असते. फायरवॉल किंवा अँटिव्हायरस १११०० हा पोर्ट (माहिती ये-जा करायची वाट) अडवतंय का बघा, डेमो मोडसाठी ११४०० लागतो. वायफायवर असाल तर राउटरमधे क्लायंट आयसोलेशन चालू आहे का ते बघा, ते चालू असेल तर पीसी एकमेकांना दिसतच नाहीत. आज दिसलं उद्या नाही असं होत असेल तर आयपी बदलतायत, राउटरमधून प्रत्येकाचा आयपी पक्का करून टाका. आमच्याकडे तर वेगळंच निघालं, लॅब बसवताना एकाच पीसीची कॉपी सगळ्यांवर मारलेली त्यामुळे सगळ्या पीसींचं नाव एकच होतं! एक रविवार बसून सगळ्यांची नावं बदलली, लॅब-०१, लॅब-०२ अशी, आणि तोच नंबर स्टिकरने मॉनिटरवर पण चिकटवला, म्हणजे स्क्रीनवर दिसलं की लगेच कळतं कोण कुठे बसलंय.

डेमो मोड अडकत अडकत चालत असेल तर नेटवर्कचा स्विच (सगळ्या पीसींच्या केबल जोडतात तो डबा) बघा. मास्टर प्रत्येक पीसीला चित्र वेगवेगळं पाठवतो, त्यामुळे २० जण वायफायवर किंवा जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचवर असतील तर दम लागतो त्याला. गिगाबिटचा स्विच आणि केबल हा खर्च सॉफ्टवेअरच्या आधी करा. आपल्या टेबलावरून सगळे पीसी चालू करायचे असतील तर बायोसमधे (पीसीच्या मूळ सेटिंगमधे) वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी चालू करायची सोय, चालू हवी आणि पीसीला मागून करंट पाहिजे, कुणी मेन स्विच बंद करून गेलं की काहीच होत नाही.

दोन गोष्टी हे सॉफ्टवेअर करत नाही. मुलं ॲडमिन अकाउंटवर बसत असतील तर ती सर्व्हिस बंद करू शकतात, सातवीतली पोरं सुद्धा करतात, म्हणून त्यांना साधं स्टँडर्ड अकाउंटच द्या. आणि नको त्या साईट बंद करणं साध्या व्हेयॉनमधे नाही, ते राउटरवर करा. क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) राउटरमधे टाकला तरी अश्लील आणि व्हायरसवाल्या साईट बऱ्याच अडतात, फुकट आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन भागातल्या शाळांनी मुलांना घरी न्यायला लॅपटॉप दिले होते आणि लॅपटॉप चोरीला गेला तर शोधता यावा या नावाखाली टाकलेल्या सॉफ्टवेअरने मुलांचे त्यांच्या घरातले फोटो काढले गेले, मुलांना पत्ताच नव्हता. २०१० मधे प्रकरण कोर्टात गेलं, ६ लाख १० हजार डॉलर देऊन मिटवावं लागलं. आणि २०२१ मधे मॅकॅफीच्या संशोधकांनी नेटॉपच्या व्हिजन प्रो या वर्गात वापरायच्या सॉफ्टवेअरमधे दाखवून दिलं की नेटवर्कवरची माहिती उघडीच जात होती, नेटवर्कवरचा दुसरा कुणीही शिक्षक असल्याचं भासवू शकत होता. कंपनीने मग बऱ्याच दुरुस्त्या केल्या. म्हणून कुठलंही घ्या, फुकटचं असो वा विकतचं, माहिती एन्क्रिप्ट होऊन (मधे कुणाला वाचता येणार नाही अशी) जाते का हे विचारा, अपडेट वेळच्या वेळी टाका, आणि लॅबचं नेटवर्क ऑफिसच्या आणि पाहुण्यांच्या वायफायपासून वेगळं ठेवा.

लपून बघू नका हो. व्हेयॉनचं खालचं छोटं चिन्ह लपवता येतं, मी मुद्दाम ठेवलंय. वर्षाच्या पहिल्या तासाला मुलांना माझ्या टेबलाशी बोलावून मास्टरमधे त्यांचे स्क्रीन कसे दिसतात ते दाखवतो, कधी बघतो आणि कधी नाही ते सांगतो. पालकसभेत पण सांगा, लेखी संमती घ्या. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि मुलांवर पाळत ठेवण्यावर बंधनं आहेत, शाळांना शिकवण्याच्या आणि सुरक्षेच्या कामापुरती सूट आहे, पण ती तेवढ्यापुरतीच. स्क्रीनशॉट साठवून ठेवायची गरज नसते, आणि कुणाचा स्क्रीन सगळ्यांसमोर दाखवून त्याला खजील तर अजिबात करू नये. आमच्याकडे एक मुलगी टाईप करत असताना मी सगळ्यांचे स्क्रीन लॉक केले, तिला वाटलं आपलं लिहिलेलं गेलं, रडायलाच लागली. गेलं काहीच नव्हतं, पण तेव्हापासून लॉक करायच्या आधी मोठ्याने तीन आकडे मोजतो.

तीन पीसींवर दोन आठवडे नीट चाललं की मगच बाकीच्यांवर टाका. आणि सेटिंगची फाईल आणि खाजगी चावी एका पेनड्राइव्हवर घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, वर पाकिटावर तारीख लिहा. तुमची बदली झाली तर नवीन येणाऱ्या शिक्षकाला ते पाकीट द्या, आणि त्यांना सांगा की पहिल्याच आठवड्यात नव्या चाव्या बनवून जुन्या काढून टाका.