केस विरळ व्हायला लागले की काय करावं?

दिवाळीच्या आसपास आमच्या सांगलीत बायका भेटल्या की केस गळण्याचा विषय हमखास निघतो. अभ्यंगस्नानाला चोपडून तेल लावून न्हायलं, की मोरीच्या जाळीवर एवढा मोठा पुंजका जमतो आणि पोटात धस्स होतं. कुणी शांपूला बोल लावतं, कुणी बोअरच्या पाण्याला. खरं कारण बऱ्याचदा पावसाळ्यात दडलेलं असतं. श्रावण-भाद्रपदात डेंग्यू, चिकनगुनिया नाहीतर टायफॉईड येऊन गेलेला असतो आणि तो ताप केसांवर दिसायला दोन-तीन महिने लागतात. एवढं कळलं तरी निम्मी भीती कमी होते. म्हणून आधी नीट बघायचं कसं ते सांगते, औषधांचं नंतर.

१. गळतायत, तुटतायत की पातळ होतायत, ते ओळखा

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता थांबतो आणि गळतो. त्याच मुळातून पुढं नवा केस येतो. त्यामुळं रोज 50 ते 100 केस जाणं हा आजार नाही. आठवड्यातून दोनदाच न्हात असाल तर मधल्या दिवसांत गळून वेणीत अडकलेले केसही त्या दिवशी एकदम हातात येतात, आणि पुंजका आहे त्यापेक्षा भयंकर वाटतो.

गळलेले चार-पाच केस उचला, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बघा. एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढी पांढुरकी गाठ दिसली तर तो केस त्याची मुदत संपवून गळलाय. ही गाठ बघून पुष्कळ जणी घाबरतात, ‘मूळच उपटून आलं’ म्हणतात. मूळ कातडीत शाबूत असतं. ऊस तोडून नेला तरी बुडख्यातून खोडवा फुटतो, तसाच तिथून नवा केस फुटतो. गाठ नसेल, केस आखूड असेल, टोक फाटलेलं असेल, तर तो मधेच तुटलाय. मग दोष न्हाण्या-विंचरण्यात शोधायचा.

तिसरा प्रकार सावकाश येतो. गळणं फारसं जाणवत नाही, पण बायकांचा भांग वर्षागणिक रुंद होतो; पुरुषांचं कपाळ दोन्ही बाजूंनी मागं सरकतं, भोवऱ्याजवळ टाळू दिसू लागते. हे अनुवंशिक. आईकडून येतं तसं वडिलांकडूनही येतं. यात प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक उगवतो. वाट बघून हे थांबत नाही, उपचार जितके लवकर तितके ते लागू पडतात.

चौथा प्रकार म्हणजे चाई. डोक्यात किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो. किडा लागला म्हणून त्यावर लसूण घासणारे, बिब्बा लावणारे लोक आजही आपल्या भागात आहेत. कृपा करून हे करू नका. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, त्यात किड्याचा काही संबंध नाही. बिब्ब्यानं कातडी भाजते, आणि खोल भाजलं तर तिथं पुन्हा केस येत नाहीत. चाईचे केस बहुतेक वेळा परत येतात. भाजलेल्या जागेवर मात्र कायमचा डाग राहतो.

२. कॅलेंडर तीन महिने मागं उलटा

गळती सुरू झाली तो महिना लिहा आणि त्याच्या आधीच्या दोन ते चार महिन्यांत काय झालं ते आठवा. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, घरातला मृत्यू, एकदम कमी केलेलं जेवण, बंद केलेल्या गोळ्या. असं काही सापडलं तर गळती बहुधा त्याचीच आहे. ती सहसा सहा महिन्यांत ओसरते, घनता भरून यायला आणखी काही महिने जातात, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतो. बाळंतिणींना तर हे मुद्दाम सांगायला हवं. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की केस मूठमूठ जातात, आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे पूर्ववत होतात. कपाळावर उभे राहणारे ते आखूड, विंचरून न बसणारे केस दिसले की समजा, नवे यायला लागलेत.

३. मोजणं सोडा, महिन्यातून एकदा फोटो काढा

काळजीचा भाग खरा इथं आहे. उशीवरचे केस मोजणं, दर तासाला आरशात भांग बघणं, रात्री अंथरुणात मोबाइलवर उपायांचे व्हिडिओ बघत जागणं. यानं केसांबद्दल नवीन काहीच कळत नाही, झोप मात्र जाते. केसांची वाढ इतकी मंद असते की कालच्यात आणि आजच्यात फरक दिसूच शकत नाही. जो दिसतो तो उजेडाचा आणि मनाचा.

त्यापेक्षा महिन्याची एक तारीख ठरवा. त्या दिवशी केस कोरडे असताना, त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून घरातल्या कुणाकडून तरी तीन फोटो काढून घ्या: मधला भांग, कपाळ, डोक्याचा मागचा भाग. मग फोन ठेवून द्या. तुलना तीन महिन्यांनीच करायची. मधल्या काळात मनात विचार आला तर स्वतःला तारीख सांगायची. सुरुवातीला हे जड जातं, हात आपोआप भांगाकडं जातो. त्या वेळी हाताला काम द्या. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, कृष्णेच्या घाटावर एक चक्कर मारून या.

आणि तरीही जेवण जात नसेल, लग्नकार्याला जाणं टाळलं जात असेल, रडू येत असेल, तर ती दुखणी केसांइतकीच खरी आहेत. 14416 हा सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा फुकट नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. केसांसाठी फोन कसा करायचा, असं मनात आणू नका.

४. डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन जायचं

चट्टा पडलाय, टाळूला खाज, आग, पू किंवा खपल्या आहेत, लहान मुलाचे केस जातायत, किंवा गळती सहा महिने झाले तरी थांबत नाही, तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. बाईची पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर लव वाढली असेल, तर तेही न लाजता सांगा. पीसीओडीचा, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोन्सच्या गडबडीचा, आणि केसांचा संबंध असतो. मिरज हे तर दवाखान्यांचंच गाव. मोठी फी परवडत नसेल तर मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं सिव्हिल आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा.

जाताना दोन्हीकडचे फोटो न्या: आताचे आणि वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे. चालू गोळ्यांची यादी न्या. डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉईड आणि गरजेप्रमाणे बी-12, डी जीवनसत्त्व तपासायला सांगतात. फेरिटिनबद्दल आवर्जून विचारा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या (हे बी गटातलं एक जीवनसत्त्व) गोळ्या खात असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्यानं थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. बायोटिनची कमतरता मुळात दुर्मीळ आहे, त्यामुळं त्या गोळ्यांवर पैसे घालवणं मला तरी पटत नाही.

५. न्हाणं, तेल, विंचरणं

ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो, ताणला की लांबतो आणि तुटतो. आणि आपण नेमकी सगळी दांडगाई ओल्या केसांवर करतो. न्हाऊन आलं की मान वाकवून टॉवेलनं फटाफट केस झटकायचे, मग घाईत टाळूपासून कंगवा ओढायचा.

त्याऐवजी असं करा. न्हाण्याआधी कोरड्या केसांतला गुंता बोटांनी सोडवा. पाणी कोमट घ्या. बंबातलं कढत पाणी डोक्यावर नको. शांपू मगभर पाण्यात विरघळवून फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी लावा, नखांनी नाही. खाली ओघळणारा फेस केसांच्या लांबीला पुरतो. कंडिशनर टोकांना. नंतर सुती पंचा किंवा जुनी मऊ साडी डोक्याला गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, पिळू नका. केस अर्धे सुकले की रुंद दातांचा कंगवा घ्या. डाव्या मुठीत केसांचा मधला भाग धरा आणि टोकाकडच्या चार बोटं लांबीचा गुंता आधी सोडवा, मग हात थोडा वर, मग आणखी वर. मुठीतल्या पकडीमुळं ओढ मुळापर्यंत जात नाही. बारीक दातांची फणी उवांसाठी ठेवा, रोजच्या विंचरण्याला नको.

तेलाबद्दल खरं सांगायचं तर खोबरेल तेल केसाला आतून धरून ठेवतं, धुताना होणारी झीज कमी करतं. नवे केस कुठलंच तेल उगवत नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो. न्हाण्याआधी तास-दोन तास लावलं तरी पुरे. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका, कोंडा वाढतो. आणि मालिश म्हणजे रगडणं नव्हे.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं बोअरचं पाणी जड असतं. पातेल्यात पाणी उकळलं की बुडाला पांढरा थर बसतो, तेच क्षार केसांवर बसतात. केस चरबट होतात, गुंततात आणि तुटतात. मुळावर त्याचा फारसा परिणाम नाही. साबणानं किंवा कपड्याच्या वडीनं डोकं धुणं थांबवा, कारण जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो. शेवटचे दोन तांबे तेवढे उकळून गार केलेल्या, वरच्या नितळ पाण्याचे घ्या. पावसाळ्यात पन्हाळीचं स्वच्छ पाणी मिळालं तर उत्तमच.

घट्ट अंबाडा, ताणून बांधलेली पोनी, वरून जड गजरा, हे रोज नको. वर्षानुवर्षं ओढ बसली की कानशिलावरचे केस कायमचे जातात. वेणी सैल घाला, भांग अधूनमधून बदला. हेल्मेटनं टक्कल पडत नाही. घाम येत असेल तर आत सुती रुमाल बांधा, पण हेल्मेट काढू नका.

६. ताट

केस बनतो प्रथिनांचा. दोन्ही वेळच्या जेवणात उसळ, डाळ, अंडं, दही, मासे यांतलं काहीतरी हवं. भाकरी आणि खर्डा एवढ्यावर भागवणाऱ्या कामकरी बायकांचे केस आधी जातात, कारण घरातलं चांगलंचुंगलं त्या शेवटी खातात. हे बदलायला हवं. अळीव, तीळ, राजगिऱ्याची भाजी, हरभरे, तासगावचे बेदाणे यांतून लोह मिळतं. वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह शोषू देत नाही. वजन झटक्यात उतरवायला जाल तर तीन महिन्यांनी केस हिशेब मागतील.

७. औषधं

अनुवंशिक विरळपणावर मिनॉक्सिडिल हे तपासून पारखलेलं औषध आहे, कोरड्या टाळूवर लावायचं. पहिले काही आठवडे गळती उलट वाढू शकते; तेव्हाच घाबरून बरेच जण सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने जातात, आणि औषध थांबवलं की आलेले केस पुन्हा जातात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते लावू नये. फिनास्टेराईडच्या गोळ्या पुरुषांसाठी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. मूल होऊ शकणाऱ्या बाईनं त्यांना हातही लावू नये. कांद्याच्या रसानं टाळूची आग होऊ शकते. हेअर ट्रान्सप्लांट करणारा माणूस खरोखर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, ते बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

८. लोक बोलतात तेव्हा

लग्नाच्या मांडवात आत्या सगळ्यांसमोर म्हणणार, ‘अगं बाई, केस किती पातळ झाले गं तुझे!’ पोराला काका म्हणणार, ‘टक्कल पडायच्या आत उरकून घे रे बाबा.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, ऐकणाऱ्याची रात्र जाते. उत्तर आधीच ठरवून ठेवा. ‘हो आत्या, डॉक्टरांना दाखवलंय, औषध चालू आहे. तुमचा गुडघा कसा आहे?’ एवढं पुरतं. आणि तुम्ही स्वतः आत्या-काकांच्या जागी असाल, तर भेटल्याबरोबर कुणाच्या डोक्याकडं बोट दाखवू नका.

दिसण्यासाठी काही करावंसं वाटत असेल तर जरूर करा, त्यात कमीपणा नाही. पार्लरमध्ये सांगा: खांद्यापर्यंत, एकसारख्या लांबीचा कट हवा, थर नकोत. स्ट्रेटनिंग आणि केराटिन गळती थांबेपर्यंत नको. काळी मेंदी किंवा डाय लावणार असाल तर कानामागं थेंबभर लावून दोन दिवस थांबा, कारण त्यातल्या रसायनानं काहींची टाळू सुजते. केस बारीक कापून घेतले तरी चालतात, टोपी, स्कार्फ, विग सगळं चालतं. भांग रुंद झालेल्यांनी एप्रिल-मेच्या उन्हात डोक्यावर पदर किंवा ओढणी जरूर घ्यावी, उघडी टाळू लवकर भाजते.