गणपतीच्या कार्यक्रमात आरबीडी बसवायचंय? मग हे वाचा

इंदूरच्या आपल्या कॉलनीत यंदा पोरांना आरबीडी, म्हणजे मेक्सिकोचा तो पॉप बँड, करायचंय, तर आधी सहा जण पक्के करा, तीन मुली तीन मुलगे, कारण ओरिजिनल ग्रुप तसाच होता: अनाही, दुल्से मारिया, माइते, अल्फोन्सो, क्रिस्तोफर आणि क्रिस्तियान. २००४ साली मेक्सिकोत 'रेबेल्दे' ही सिरीयल सुरू झाली, त्यातली शाळेतली पोरं बँड काढतात आणि तोच बँड खराखुरा स्टेजवर आला, बस्स. मूळ कथा मात्र अर्जेंटिनाची, आपल्याकडे स्टार वनवर 'रीमिक्स' लागायचं ना, ते पण त्याचंच भावंड.

ड्रेस सोप्पा आहे. लाल ब्लेझर, पांढरा शर्ट, लाल टाय. नवीन शिवू नका हो, राजवाड्याजवळ भाड्याने बघा. मियासाठी (सिरीयलमधली अनाही) कपाळावर चमकीचा स्टार हवाच (टिकलीच्या पाकिटातला चालतो, आईला विचारून घ्या), आणि रोबेर्ताचे (सिरीयलमधली दुल्से मारिया) केस लाल, त्याला स्प्रे आणा, मेंदी लावलीत तर दिवाळीपर्यंत तशाच फिराल.

खरी गंमत उच्चारांची. गाणी स्पॅनिशमध्ये आहेत, तिथे जे (J) दिसला की 'ह' म्हणायचं, एच दिसला तर काहीच म्हणायचं नाही, आणि डबल एल म्हणजे साधारण 'य'. सरळ देवनागरीत लिहून भिंतीला चिकटवा, स्पॅनिशच्या ñ साठी आपल्याकडे 'ञ' पण आहे, तो एकदाचा कामाला येईल.

ओळी वाटून घ्या, सगळ्यांनी सगळं गायलं की आरतीच वाटते. आणि प्रॅक्टिस पोहे-जिलेबीच्या आधी, नंतर कोणी हलत नाही.