नाताळचा चित्रपट बायबलसोबत कसा पाहावा

आधी वाचन, मग चित्रपट. हा क्रम बदलू नका. पडदा आधी पाहिला की वाचताना त्याचीच दृश्यं डोळ्यांपुढे येतात आणि शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, नसलेलंही तिथे असल्यासारखं वाटतं. उदाहरणासाठी येशूच्या जन्मावरचा २००६ चा ‘द नेटिव्हिटी स्टोरी’ घेऊ.

१. लूक १:२६–५६ आणि २:१–२० वाचा, मग मत्तय १:१८ ते २:२३. एकूण ८२ वचनं, मोठ्याने वाचायला साधारण पंधरा मिनिटं. मार्क आणि योहान ही उरलेली दोन शुभवर्तमानं जन्मकथा सांगत नाहीत. लूक संपल्यावर जरा थांबा, कारण मेंढपाळ फक्त लूकमध्ये आहेत आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, फक्त मत्तयमध्ये.

२. प्रत्येकाला एक कागद द्या. त्यावर दोन रकाने आखा: ‘शास्त्रात’ आणि ‘पडद्यावर’.

३. चित्रपट जेमतेम पावणेदोन तासांचा आहे. मध्येच थांबवून चर्चा करू नका, रंग उतरतो. मनात आलेलं कागदावर टिपा. लहान मुलं असतील तर एक काळजी घ्या: सुरुवातच हेरोद राजाच्या हुकमाने होणाऱ्या बालहत्येने होते. तेवढा भाग आधी स्वतः पाहून ठेवा.

४. संपल्यावर रकाने ताडून पाहा. मरीयेचं गाढव? लूक त्याचा उल्लेखच करत नाही. मागी तीन? मत्तय संख्या देत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ती रूढ झाली. चित्रपटात ते मेंढपाळांसोबत गव्हाणीपाशी जमतात. मत्तयमध्ये मात्र ते ‘घरात’ जातात, आणि हेरोद दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगतो, म्हणजे मधे बराच काळ गेलेला असू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ लूक २:७ ला द्या. अख्खा जन्म या एका वचनात आहे: बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ, गव्हाण, आणि ‘उतारशाळेत जागा नव्हती’. नकार देणारा उतारशाळेचा मालक इथे कुठेच नाही. इथला मूळ ग्रीक शब्द ‘काटालुमा’ लूकने पुढे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही वापरला आहे. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातल्या उतारशाळेला मात्र लूकचा शब्द वेगळा आहे. त्या काळी तिथल्या साध्या घरांत रात्री जनावरं आत घेत आणि गव्हाण घरातच असे. त्यामुळे पाहुण्यांची खोली भरलेली असल्याने बाळाला घरातल्याच गव्हाणीत ठेवलं, असाही अर्थ निघतो. मग ‘जगाने दार बंद केलं’ हे प्रवचनात नेहमी ऐकलेलं वाक्य पुन्हा तपासावं लागतं. ही चर्चा घाईने आटोपू नका.

चुका शोधण्याचा खेळ मात्र होऊ देऊ नका. चित्रपटाने भर घातली तिथे विचारा: शास्त्र इथे गप्प का? योसेफाच्या तोंडी शास्त्रात एकही शब्द नाही; तो फक्त उठतो आणि सांगितलेलं करतो.

५. शेवटी दिवे मंद करून लूक २:१९ वाचा. मरीयेने या गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचं मनन केलं. त्यानंतर दोन मिनिटं कुणीही बोलू नये.