बाराव्या दिवशी गोठणारा स्क्रीन

मायक्रोपायथनवर (छोट्या चिप्ससाठीची पायथन भाषा) चालणारं हातातलं छोटं यंत्र. दर 200 मिलिसेकंदांनी स्क्रीन ताजा व्हायचा, पण सलग बारा-साडेबारा दिवस चालू ठेवलं की तो गोठायचा. रीसेट केलं की पुन्हा ठणठणीत! आधी मी बॅटरी आणि मेमरीवर संशय घेतला, त्यात बराच वेळ गेला.

शेवटी प्रॉम्प्टवर टाइम मॉड्यूलचं टिक्स_ॲड(0, -1) चालवलं, म्हणजे मिलिसेकंद मोजणाऱ्या आकड्यात शून्याच्या एक पाऊल मागे काय येतं ते विचारलं. उत्तर आलं 1073741823. म्हणजे टिक्स_एमएसचा, यंत्राच्या मिलिसेकंद-मोजणीचा, आकडा इथवर जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. इतके मिलिसेकंद म्हणजे साधारण 12.4 दिवस! स्क्रीन ताजा करायची वेळ झाली का हे बघायला मी 'आत्ता वजा मागचा' अशी सरळ वजाबाकी करत होतो. आकडा उलटला की उत्तर प्रचंड ऋण येणार, मग '200 पेक्षा मोठं' ही अट खरी ठरणार कशी?

वजाबाकी काढून टिक्स_डिफ(आत्ता, मागचा) वापरलं, ते आकडा उलटल्याचं भान ठेवून फरक काढतं. क्रम महत्त्वाचा, नवा आकडा आधी. पुढची वेळ ठरवायलाही अधिक चिन्ह नको, टिक्स_ॲडच हवं. मात्र दोन क्षणांतलं अंतर निम्म्या फेरीच्या, म्हणजे सुमारे सहा दिवसांच्या आतलं असेल तरच टिक्स_डिफ बरोबर उत्तर देतं.

हे तपासायला बारा दिवस थांबायचं नसेल तर 'मागचा'ला टिक्स_ॲड(0, -100) आणि 'आत्ता'ला 150 द्या. टिक्स_डिफ 250 सांगतं.