जावास्क्रिप्टमधून सर्च एपीआय कसा वापरायचा, आणि ‘केयी’ टाकलं तरी केळी कशी सापडेल

रावेर-यावलकडच्या कोणाला केळी, कपाशीचं बियाणं, भरताची वांगी असल्या मालाची वेबसाइट करायची असेल तर सर्चसाठी मिलीसर्च (Meilisearch) नावाचं सर्च इंजिन चांगलं आहे, ओपन सोर्स आहे, त्याचा एपीआय म्हणजे आपल्या कोडमधून त्याला शोधायला सांगायची सोय, आणि त्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी एकदम सोपी.

आधी मिलीसर्चचा सर्व्हर चालू करा, तो ७७०० पोर्टवर चालतो. मग एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजेस टाकायचं साधन) मिलीसर्च पॅकेज टाका, क्लायंट म्हणजे सर्व्हरशी बोलणारा ऑब्जेक्ट बनवा, त्याला होस्ट (सर्व्हरचा पत्ता) आणि की (परवानगीची किल्ली) द्या. इथे नीट लक्ष द्या, ब्राउझरमध्ये फक्त सर्चवाली की टाकायची, मास्टर की कधीच नाही, कारण पेजचा कोड कोणीही उघडून बघतो आणि मास्टर की हाती लागली की तो सगळा इंडेक्स, म्हणजे सर्चसाठी भरलेला माल, उडवू शकतो.

माल ॲड डॉक्युमेंट्स (addDocuments) फंक्शनने भरायचा. पण तो लगेच सर्चमध्ये दिसत नाही बरं का, काम रांगेत लागतं आणि तुम्हाला टास्क नंबर मिळतो, म्हणून टास्क पूर्ण झाला का ते बघा आणि मगच टेस्ट करा.

सर्च म्हणजे इंडेक्सवर सर्च फंक्शन, त्यात गिऱ्हाईकाने टाकलेला शब्द, पुढे लिमिट आणि फिल्टर. उत्तर ‘हिट्स’मध्ये येतं, लिमिट नाही दिलं तर २०च. तालुक्यावर फिल्टर लावायचा असेल तर ते फील्ड आधी सेटिंगमध्ये फिल्टरेबल (filterableAttributes) करावं लागतं, नाहीतर सरळ एरर.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, लोक बोलतात तसंच टाइप करतात, केळीचं केयी. मिलीसर्च चुकीचं स्पेलिंग सांभाळून घेतं, पण डिफॉल्टला ५ अक्षरांपासून पुढच्याच शब्दांना, आणि केयी त्यापेक्षा लहान, म्हणजे केयी टाकणाऱ्याला काहीच न मिळण्याची भीती आणि तो समजेल की माल नाही! त्याला उपाय सिनोनिम्स, म्हणजे समानार्थी शब्द: अपडेट सिनोनिम्स (updateSynonyms) फंक्शनमध्ये ‘केयी’समोर ‘केळी’ लिहा, ‘कापूस’समोर ‘कपाशी’. हे एकतर्फी असतं, कपाशी टाकल्यावर कापूसही यायला हवा असेल तर उलटी जोडीही लिहावी लागते. शब्दांची यादी मात्र घरी बसून बनवू नका, बाजारात माल विकणाऱ्या मावशींना, दादांना विचारा, त्यांच्या तोंडचे शब्द घ्या.

आणि हो, प्रत्येक अक्षराला रिक्वेस्ट पाठवू नका, टायपिंग थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी पाठवा, गावाकडच्या नेटवर फरक लगेच जाणवतो.