स्थानिक दैनिकाचा कल आणि खरेपणा तपासताना या चुका टाळा

"हा पेपर विकला गेलाय" असे म्हणायला एक मथळा पुरतो. तसे खरोखर आहे का, हे पाहायला मात्र सात अंक, एक मोजपट्टी, एक वही आणि आपल्याशी न पटणारा एक जोडीदार लागतो. जिल्ह्याचे दैनिक वाचणाऱ्या कुणालाही हे काम जमते. बहुतेकांचे गाडे पुढील ठिकाणी अडते.

कल आणि खरेपणा एकाच तराजूत तोलणे

सर्वांत मोठी चूक हीच. 'सामना' 1988 मध्ये शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच सुरू झाला. अलिबागच्या 'कृषीवल'चे शेतकरी कामगार पक्षाशी असलेले नाते रायगडात कुणापासून लपलेले नाही. अशा पत्राचा कल आधीपासून माहीत असतो. पण तेवढ्यावरून त्यातली सभेची तारीख किंवा निविदेची रक्कम चुकीची ठरत नाही. उलट विरोधकाच्या कारभारातले कागद तेच आधी बाहेर काढण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या बाजूला, कोणत्याही पक्षाचे नसलेले दैनिकही आलेले प्रसिद्धीपत्रक न तपासता छापत असेल, तर त्यातले आकडे बेभरवशाचे असतात. म्हणून वहीत दोन स्वतंत्र पाने ठेवा, एक 'कल', दुसरे 'खरेपणा'. दोन्हींची बेरीज करून एकच गुण काढू नका.

एका दिवसाच्या अंकावरून निकाल देणे

सलग आठवड्याचे अंक घेतले तरी फसगत होते. त्या आठवड्यात अधिवेशन किंवा एखाद्या मंत्र्याचा दौरा असला की सगळी मोजणी तिकडे झुकते. सहा महिन्यांतून सात अंक निवडा. सोमवार एका आठवड्यातला, मंगळवार दुसऱ्या, बुधवार तिसऱ्या, असे. वर्षभराचा अंदाज हवा असेल तर असे दोन आठवडे, म्हणजे चौदा अंक. वार पाळण्याचे कारण साधे आहे. राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा 2020 पासून पाच दिवसांचा झाला. त्यामुळे रविवार-सोमवारच्या अंकांत कार्यालयीन बातम्या कमी आणि नेत्यांचे कार्यक्रम जास्त असतात. निवडणुकीच्या काळातले अंक वेगळे मोजा, त्यांत मिसळू नका.

ई-पेपरवर आवृत्ती नीट निवडा. एकाच नावाच्या दैनिकाचे पहिले पान मुंबईत एक आणि जिल्ह्यात दुसरे असते. अग्रलेख मुख्य कार्यालयातून येतो, तालुक्याची बातमी तालुक्याचा वार्ताहर पाठवतो. अग्रलेखावरून तालुक्याच्या पानाचा कल ठरवता येत नाही.

नेत्यांचे फोटो मोजून थांबणे

सत्तेतल्यांना जागा जास्त मिळतेच, कारण बैठका, आदेश आणि उद्घाटने त्यांच्याच हातात असतात. तेवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. तुलना सारख्या घटनांची करा. दोन पक्षांचे एकाच प्रश्नावरचे मोर्चे, दोन उमेदवारांच्या अर्ज भरण्याच्या मिरवणुका, दोन गटांच्या बाजार समितीतल्या सभा. प्रत्येक बातमीची रुंदी स्तंभांत आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा. चार स्तंभ रुंद आणि 20 सेंटिमीटर उंच बातमी म्हणजे 80 स्तंभ-सेंटिमीटर. मथळा आणि छायाचित्र त्यात धरा. पान क्रमांक आणि बातमी घडीच्या वर आहे की खाली, तेही लिहा.

गर्दीचा आकडा दिला असेल तर मैदान नकाशावर मोजा. 60 मीटर लांब, 80 मीटर रुंद म्हणजे 4,800 चौरस मीटर. मोकळे बसलेले लोक चौरस मीटरला साधारण 2 धरले तर 9,600, दाटीने उभे 4 धरले तर 19,200. तिथे "लाखोंचा जनसागर" मावत नाही. पण एका पक्षाच्या सभेला हे गणित लावले तर दुसऱ्याच्याही लावा.

क्रियापदांकडे दुर्लक्ष करणे

मराठी बातमीत कल सर्वांत आधी क्रियापदात दिसतो. एक नेता 'म्हणाला', 'स्पष्ट केले', 'ठणकावले'. दुसरा 'बरळला', 'थयथयाट केला', 'सारवासारव केली'. 'दावा केला' म्हटले की शंका सूचित होते, 'निदर्शनास आणून दिले' म्हटले की बोललेले खरे मानून घेतले जाते. दोन्ही बाजूंची क्रियापदे समोरासमोर दोन रकान्यांत उतरवा. तीस-चाळीस नोंदींनंतर चित्र उघड होते.

आदरार्थी रूपही तपासा. एकाला 'मा.', 'साहेब', 'दादा' आणि अनेकवचन, दुसऱ्याचे नुसते आडनाव. आरोप दोघांवर सारखेच असताना एक जण 'ते' आणि दुसरा 'तो' असेल, तर ती भक्कम नोंद आहे. इंग्रजी बातमीत हा पुरावा मिळत नाही, मराठीत तो प्रत्येक वाक्यात पडलेला असतो.

कर्ता नसलेली वाक्येही खुणेने टिपा. "नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे", "परिसरातून कौतुक होत आहे", "जनमानसात चर्चा आहे". बोलणाऱ्या एकाही नागरिकाचे नाव खाली नसेल, तर हे मत बातमीदाराचे किंवा पत्रक पाठवणाऱ्याचे आहे असे धरा.

पत्रकाला बातमी समजणे

बातमीच्या सुरुवातीला ठिकाणाच्या नावानंतर कंसात काय आहे ते पाहा. 'जिमाका' म्हणजे मजकूर जिल्हा माहिती कार्यालयाचा. तो बहुधा अचूक असतो, पण बाजू शासनाची. 'वाणिज्य प्रतिनिधी' असेल तर व्यावसायिक मजकूर. 'प्रतिनिधी' किंवा 'वार्ताहर' लिहिलेले असूनही मजकूर पत्रकातलाच असू शकतो. तपासायला सोपी रीत आहे. बातमीतले आठ-दहा शब्दांचे वेगळे वाटणारे वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तेच वाक्य तीन दैनिकांत सापडले तर ते कुणीही स्वतः लिहिलेले नाही.

ही शंका हवेतली नाही. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा तोच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले. पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, अहवाल दिला. 2011 मध्ये निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजचा खर्च न दाखवल्यावरून अपात्र ठरवले. निवडणुकीत असा मजकूर दिसला तर कात्रण, दिनांक, आवृत्ती आणि पान क्रमांकासह जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे द्या. पेड न्यूज ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो.

खरेपणा तपासायला मते निवडणे

"विकास खुंटला" हे वाक्य तपासता येत नाही, त्यात वेळ घालवू नका. सात अंकांतून तपासता येतील अशी 20 विधाने काढा, ज्यांत रक्कम, दिनांक, ठराव, कलम किंवा मतांची संख्या आहे. प्रत्येकापुढे 'बरोबर', 'चूक', 'अर्धवट' किंवा 'कागद मिळाला नाही' लिहा. शेवटच्या गटाला चुकांत ढकलू नका.

सर्वाधिक घोळ निधीच्या बातम्यांत असतो. "रस्त्यासाठी 15 कोटी मंजूर" याचा अर्थ बऱ्याचदा फक्त प्रशासकीय मान्यता. त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि प्रत्यक्ष निधी वितरण अशा पायऱ्या राहतात. तेच 15 कोटी प्रत्येक पायरीवर नव्याने बातमीत येतात आणि वाचकाला 75 कोटी आल्यासारखे वाटते. कामाच्या नावाने मागचे अंक शोधा. शासन निर्णयाचा उल्लेख असेल तर शासनाच्या संकेतस्थळावर तो काढा. त्यावरच्या 18 अंकी संकेतांकाचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. बातमीतला 'कालचा' निर्णय चार महिन्यांपूर्वीचा निघतो तो इथे.

धरणाचे आकडे हा दुसरा सापळा. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेले तळाचे पाणी. धरणात 65 टीएमसी पाणी असेल तर उपयुक्त साठा उपयुक्त क्षमतेच्या जेमतेम अडीच टक्के. "उजनीत 65 टीएमसी पाणी" आणि "उजनी अडीच टक्क्यांवर" हे दोन्ही मथळे खरे, आणि पाणी सोडण्याच्या वादात दोघांचा परिणाम उलटा. अशा ठिकाणी 'अर्धवट' लिहा आणि कोणता अर्धा भाग गाळला, त्याची नोंद कलाच्या पानावर करा.

कागद कुठेच मिळाला नाही तर माहिती अधिकार अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत ठेवावा लागतो.

न छापलेले विसरणे

आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, अशी नोंद आंबेडकरी पत्रकारितेच्या इतिहासात आहे. छापलेले अंक कितीही मोजले तरी ही गोष्ट त्यांत सापडली नसती. म्हणून यादी बाहेरून करा. महिनाभरातली जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा, मोर्चे, न्यायालयाचे आदेश, लाचलुचपत विभागाच्या कारवाया लिहून काढा आणि मग प्रत्येक घटना या दैनिकात आली का ते पाहा. कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या गटाच्या घटना सातत्याने गळतात, ते कळते.

मालकीबद्दल ऐकीव गोष्टी धरून बसणे

शेवटच्या पानाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादकांची ओळ असते, ती वाचा. वृत्तपत्र नोंदणीच्या 1956 च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म 4' छापला जाई. त्यात 1 टक्क्याहून अधिक हिस्सा असलेल्यांची नावे असतात. मागच्या वर्षांचे मार्चचे अंक काढून पाहा. मग महिनाभराच्या जाहिराती तीन गटांत मोजा: सरकारी, खासगी व्यापारी, आणि साखर कारखाने, पतसंस्था व शिक्षण संस्था. तिसऱ्या गटातल्या संस्थांचे अध्यक्ष कोण, ते लिहा. वाढदिवस पुरवणी वेगळी मोजा. जाहिरात आहे म्हणून बातमी खोटी असे नाही. पण त्या संस्थेच्या थकीत ऊसबिलाची बातमी वर्षभरात आली का, हे जरूर पाहा.

खुलासा म्हणजे नापास

स्वतःची दुरुस्ती छापणारे दैनिक जास्त भरवशाचे. वर्षभर एकही दुरुस्ती न छापणाऱ्याबद्दल शंका घ्या. मात्र अधिकाऱ्याने पाठवलेला 'खुलासा' आणि दैनिकाने स्वतः मान्य केलेली चूक वेगवेगळी मोजा.

आपले डोळे न तपासणे

1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डमधल्या एका अभ्यासात बैरुतच्या हत्याकांडाचे तेच वार्तांकन इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांनी पाहिले, आणि दोघांनाही ते आपल्या विरोधातले वाटले. म्हणून जोडीदार दुसऱ्या राजकीय मताचा घ्या. नेत्यांची आणि पक्षांची नावे पट्टीने झाकून दोघांनी वेगवेगळ्या नोंदी करा आणि मग ताडून पाहा. दहापैकी आठपेक्षा कमी नोंदी जुळल्या तर दोष दैनिकाचा नसून तुमच्या व्याख्यांचा आहे. 'अनुकूल' आणि 'प्रतिकूल' कशाला म्हणायचे ते पुन्हा ठरवा आणि तेच अंक नव्याने मोजा.

चूक ठोस निघाली तर आधी संपादकांना कागदासह लेखी कळवा. उत्तर समाधानकारक नसेल तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकाबाबत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत पोहोचायला हवी, इतर नियतकालिकांना चार महिने. संपादकांना लिहिलेले पत्र, मूळ कात्रण आणि ते कोणत्या कागदाशी विसंगत आहे त्याची प्रत सोबत जोडा.